रस्टमध्ये असिंक: टोकियो घ्यावं की स्मोल?

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत असिंक-अवेट (वाट बघावी लागणारी कामं थ्रेड न अडवता लिहायची सोय) 2019 च्या नोव्हेंबरमध्ये, 1.39 आवृत्तीत स्थिर झालं. पण फ्युचर (पुढे कधीतरी पूर्ण होणारं काम) चालवणारा रनटाइम रस्टसोबत मिळत नाही, तो आपणच निवडायचा. टोकियो आणि स्मोल हे असेच दोन रनटाइम.

टोकियोत मेन फंक्शनवर एक अ‍ॅट्रिब्यूट लावलं की काम सुरू. हायपर, रेक्वेस्ट, अ‍ॅक्सम, टॉनिक या नेटवर्कच्या लायब्ररी सगळ्या त्याच्याच घरच्या. मात्र स्पॉन केलेलं (वेगळं सुरू करून दिलेलं) टास्क एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाऊ शकतं, त्यामुळे ते सेंड (थ्रेडमधून थ्रेडमध्ये सुरक्षित नेता येणारं) असावंच लागतं. आरसी (एकाच थ्रेडपुरता चालणारा सामायिक पॉइंटर) हातात धरून अवेट केलंत की कंपायलर अडवतो. (स्मोलच्या स्पॉनलाही हीच अट आहे.)

स्मोल छोटे छोटे क्रेट (रस्टची पॅकेजं) जोडून बनलंय. रनटाइम आतून कसा चालतो हे बघायचं असेल तर हेच बरं. पण त्यावर थेट रेक्वेस्ट वापरून बघा: कंपाइल बिनबोभाट होतं आणि चालवल्यावर ‘रिअ‍ॅक्टर चालू नाही’ म्हणत पॅनिक (प्रोग्राम कोसळतो), कारण रेक्वेस्टला टोकियोच लागतं! असिंक-कम्पॅट या क्रेटचं वेष्टण घातलं की सुटतं, पण मग टोकियो मागच्या दाराने आलंच की.

वेब सर्व्हर लिहायचा असेल तर मी डोळे झाकून टोकियो घेईन. आणि काहीही घ्या, असिंक फंक्शनमध्ये स्टँडर्ड लायब्ररीचं स्लीप वापरू नका. तो थ्रेड अडला की बाकीची टास्कंही ताटकळतात.