शुअर एसएम५८ घ्यावा की बीटा ५८ए?

स्वतःचा माईक घ्यायचं ठरलं की गाणारे बहुधा या दोन नावांशी येऊन अडतात. दोन्ही शुअरचेच. ही अमेरिकी कंपनी १९२५ साली शिकागोत सुरू झाली आणि तिचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे. बीटा महाग, म्हणून तो वरच्या दर्जाचा आणि ५८ आपला साधा, असं धरून चालतात. मला ते पटत नाही.

खरा फरक आहे तो माईक कुठल्या बाजूचं ऐकतो यात. एसएम५८ कार्डिऑइड आहे: समोरचं पुरतं घेतो, बाजूचं कमी आणि बरोबर पाठीमागचं, म्हणजे केबल निघते तिकडचं, सगळ्यात कमी. त्यामुळे गायकासमोर एकच मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) ठेवलेला असला तरी तो सहसा निभावून नेतो. बीटा सुपरकार्डिऑइड. तो बाजूचं जास्त कापतो, पण थेट मागचं थोडं घेतो. त्याला सर्वांत कमी ऐकू येतं ते मागे तिरक्या दिशांना, समोरून मोजल्यास साधारण १२० अंशांवर. मॉनिटर नेमका पाठीमागे आला, की शिट्टी वाजते आणि बोल माईकला लागतो. तेच दोन मॉनिटर डाव्या-उजव्या हाताला तिरके लावा, मग बीटा हा एसएम५८पेक्षा जास्त आवाज सहन करतो. ड्रम, ढोलकी, कीबोर्ड असा गजबजलेला ऑर्केस्ट्रा असेल तर हा फायदा पैसे वसूल करून देतो.

तेवढ्याच आवाजाला ५८ सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो, बीटा २.६. म्हणजे मिक्सरवर गेन (माईकचा आवाज वाढवण्याची पातळी) जरा कमी पुरतो. बीटाचा वरचा सूरही जास्त उजळ आहे. मुळात आवाज टोकदार असेल तर ‘स’ आणि ‘श’ कानात घुसतात.

कीर्तनकारांना किंवा मान हलवत गाणाऱ्यांना मी ५८च सांगेन. तोंड जरा बाजूला गेलं तरी आवाज एकदम पडत नाही. आणि माईकची जाळी मुठीत धरणाऱ्यांनी बीटावर पैसे घालवूच नयेत. जाळी झाकली की मागून-बाजूने येणारा आवाज कापायची सोयच बंद पडते, मग कार्डिऑइड काय नि सुपर काय!

पेटी-तबल्यासाठी विचारत असाल तर एसएम५७ बघा. युनिडाइन ३ हे कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा आतला भाग, ५७ आणि ५८ दोघांचंही, फक्त ५७ला ती गोल जाळी नाही. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या मेजावर वर्षानुवर्षं दिसतो तो हाच. फोमची टोपी न घालता गायलात तर मात्र ‘प’ आणि ‘भ’ धाडकन आदळतात.

मंडळात एकच माईक पाच जणांच्या हाती फिरणार असेल, हॉल आणि साउंडवाला दर वेळी वेगळा असेल, तर डोळे मिटून ५८ घ्या. उरलेल्या पैशांत चांगली केबल येईल. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर करा. नकली ५८ बाजारात भरपूर आहेत, आणि निम्म्या किमतीत ‘ओरिजिनल’ कोणी देत नाही.