झाडीपट्टीतील घरगुती गिटार-कार्यशाळा: एक परीक्षण

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्या दरम्यानच्या एका गावात, पूर्वी धानाची पोती ठेवत त्या खोलीत, मूळचे हार्मोनियम दुरुस्त करणारे एक कारागीर आता गिटारची दुरुस्तीही करतात. दारावर पाटी नाही आणि प्रसिद्धीची त्यांना इच्छा नाही, म्हणून नाव येथे देत नाही. भजनी मंडळांत आणि नाटक कंपन्यांच्या वादकांत चौकशी केल्यास पत्ता सहज मिळतो. त्यांचे काम सविस्तर लिहावे असे वाटले, कारण आमच्या भागातील हवामान गिटारचे काय करते हे ओळखून काम करणारा दुसरा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

माझ्या पोलादी तारांच्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा ज्यात अडकवतात तो लाकडी ठोकळा, मागच्या बाजूने उचकटला होता, बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, तारा चार मिलिमीटरहून अधिक वर आल्या होत्या आणि फ्रेटची टोके नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, कडेला बोटांना टोचत होती. शहरातील एका दुकानाने सॅडल, म्हणजे ब्रिजवरची ज्या पट्टीवरून तारा जातात ती, घासून तारा खाली आणून देण्याची तयारी दाखवली होती. येथे मात्र कारागिरांनी प्रथम गिटार कुठे ठेवता, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत असते का, बंद गाडीत राहिले होते का, हे विचारले. मग टोचणाऱ्या फ्रेटवरून बोट फिरवून ते म्हणाले, “भाऊ, आधी लाकडाला पानी पिऊ द्या, मंग कानस लावू.”

या वाक्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते, तर श्रावणात तीच ८० टक्क्यांच्या वर असते. लाकूड त्याच्या तंतूंच्या दिशेने फारसे आकसत नाही, परंतु आडवे आकसते. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवलेली पट्टी, अरुंद होतो, फ्रेटची धातूची तार आहे तेवढीच राहते आणि तिची टोके बाहेर येतात. अशा वेळी टोके घासून टाकली, तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर तीच आखूड पडतात. म्हणून त्यांनी गिटार ओलसर स्पंजाच्या डबीसह पेटीत बंद करून ठेवले, टोके बरीचशी आत गेल्यावर उरलेलीच घासली आणि त्यानंतरच ब्रिज हाती घेतला.

ब्रिजचे काम या कार्यशाळेतील सर्वांत उत्तम काम आहे. हलक्या संचातील सहा तारा मिळून सुमारे ७० किलो ताण देतात आणि तो सगळा ब्रिजखालच्या गोंदावर येतो. माझ्या गिटारचा ब्रिज कारखान्यात कडेने चक्क पॉलिशवरच चिकटवलेला निघाला. त्यांनी तो ऊब देऊन, पातळ पात्याने, लाकूड न चिरता सोडवला, खालचे पॉलिश खरवडून लाकडाला लाकूड भिडेल असे केले, ताजा गोंद लावला आणि ध्वनिछिद्रातून शिकंजे घालून पूर्ण दिवस आवळून ठेवला. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतील पोलादी सळई, नेकचा बाक दुरुस्त करण्यासाठी असते, तारांची उंची कमी करण्यासाठी नव्हे, हा भेद ते कटाक्षाने पाळतात. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट राहील असा बाक ते मोटारसायकल मेकॅनिक फट मोजायला वापरतात त्या पातळ पट्ट्यांच्या फीलर गेजने तपासतात.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी इतरत्र पाहिलेले नाही. हाडाच्या दोन सॅडल घडवून दिल्या: एक उन्हाळ्यासाठी किंचित उंच, कारण कोरड्या हवेत गिटारच्या पेटाऱ्याची वरची फळी, जिच्यावर ब्रिज असतो ती, खाली बसते, आणि दुसरी पावसाळ्यासाठी बुटकी, कारण तेव्हा तीच फळी फुगून तारा वर उचलते. दोन्हींवर पेन्सिलने ऋतू लिहिलेला आहे. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर मी सॅडल बदलली, आणि बाराव्या फ्रेटपाशी जाड तार अडीच मिलिमीटरच्या आतच राहिली.

उणिवाही स्पष्ट आहेत. पॉलिश ते चपडीचे करतात. पळसावरच्या लाखेची ती चपडी हार्मोनियमवर शोभते, पण कारखान्याच्या जाड चकचकीत थरावर तिचे ठिगळ वेगळे दिसते. इलेक्ट्रिक गिटारमधील खरखरणारे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांखालचे भाग, ते स्वच्छ करून देतात, तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपच्या खोबणीत तांब्याची पट्टीही लावतात. त्यापलीकडच्या कामासाठी त्यांच्याकडे जाऊ नये. तरी गिटारमधून सतत घूं आवाज येतो अशी तक्रार घेऊन आलेल्या एका मुलाला त्यांनी पैसे न घेता परत पाठवले आणि घरच्या वायरिंगला अर्थिंग आहे का ते आधी तपासायला सांगितले, हे मला फार मोलाचे वाटले.

जुन्या घराच्या सागवानी तुळईतून त्यांनी एक गिटार संपूर्ण घडवले आहे. सागवान तेलकट असल्याने गोंद लावण्यापूर्वी प्रत्येक सांधा स्पिरिटने पुसून घेतला आहे आणि जोडकाम निर्दोष आहे. मात्र वरची फळीही सागवानाचीच आहे. गिटारच्या फळीसाठी रूढ असलेल्या स्प्रूस या हलक्या लाकडापेक्षा ते बरेच जड लाकूड आहे, आणि येथे ती फळी पुरेशी पातळही केलेली नाही. आवाज गोड आहे, पण दबलेला. खर्जाच्या तारा उमलत नाहीत. त्यांनी स्प्रूसची फळी मागवून पुढचे वाद्य करावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोवर नव्या गिटारची मागणी नोंदवण्याचा सल्ला मी देणार नाही.

दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू झाला की त्यांची खोली कंपन्यांच्या ऑर्गन-हार्मोनियमने भरून जाते आणि गिटार मागे पडते, म्हणून दुरुस्तीला भाद्रपदापूर्वी द्यावे. रेल्वेने येणाऱ्यांना वडसा स्थानक सोयीचे आहे. नेताना तारा सैल कराव्यात, उचकटलेला ब्रिज स्वतः फेविकॉलने चिकटवून नेऊ नये. तो जुना गोंद खरवडण्यातच त्यांचा निम्मा वेळ जातो आणि मजुरी त्याप्रमाणे वाढते.