मिथेनपासून रसायने: भट्टी की जीवाणू?

रूढ पद्धतीत मिथेन वाफेसह निकेलच्या उत्प्रेरकावरून 700 ते 1000 अंश सेल्सिअस तापमानाला नेऊन संश्लेषण वायू (कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण) मिळवतात व त्याचे मिथेनॉल करतात. काम झपाट्याने होते, पण अवाढव्य कारखान्याशिवाय परवडत नाही. मिथायलोकॉकस कॅप्सुलेटस हा जीवाणू मात्र मिथेनमधला कार्बन-हायड्रोजनचा चिवट बंध एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने 45 अंशांच्या आसपास तोडतो. त्याची अडचण पाण्यात आहे: 25 अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम 22 मिलिग्रॅम मिथेन विरघळतो, त्यामुळे टाकी कितीही घुसळली तरी जीवाणू अर्धपोटीच राहतात, शिवाय सोबत ऑक्सिजन लागत असल्याने स्फोटाची धास्ती असतेच. नुसते मिथेनॉल हवे असल्यास भट्टीच बरी, कारण जीवाणू ते स्वतःच पचवून टाकतो. एक्टोइनसारख्या (सौंदर्यप्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या) महागड्या रसायनासाठी मात्र मिथेनभक्षी जीवाणूच उजवे.