सेफ्टी टाकीच्या भाड्याच्या घरात 14 महिने

सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला, हद्दवाढ भागात तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. 1992 ला हा भाग महापालिकेत आला, पण आमच्या गल्लीत ड्रेनेजची लाईन अजून यायचीच आहे. म्हणून अंगणात सेप्टिक टँक. इकडे प्लंबरपासून मालकांपर्यंत सगळे ‘सेफ्टी टाकी’च म्हणतात आणि त्या नावानं आम्ही जरा जास्तच निर्धास्त राहिलो.

घर बघायला आलो तेव्हा पाणी किती दिवसाआड येतं, हौद केवढा, बोअर चालू आहे का, सगळं विचारलं. टाकीचं झाकण कुठंय हे काही सुचलं नाही. त्याआधी फ्लॅटमध्ये होतो, तिथं फ्लश ओढला की विषय संपला.

पहिले तीन महिने काहीच त्रास नाही. मग सप्टेंबर आला. आपल्याकडं खरा पाऊस तेव्हाच लागतो. संडासात पाणी टाकलं की बाथरूमच्या जाळीतून गुडगुड ऐकू यायची. पाइपात हवा अडकली असेल म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी नळाला पाणी आलं, मी मशीन लावली, तिकडं सासूबाई आंघोळीला गेल्या आणि तशाच परत आल्या. म्हणाल्या, “अगं, पाणी खाली जात नाही, वर येतंय.” वास सांगत बसत नाही.

मालकांना फोन केला. “सात वर्षांत कधी उपसली नाही बघा, कधी त्रासच नाही!” हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. झाकण शोधायलाच अर्धा तास गेला. ते निघालं आमच्या गाडीच्या स्टँडखाली, पेव्हिंग ब्लॉकच्या आत. मालकांचं म्हणणं, एखादा माणूस उतरवू, स्वस्तात होईल. आमचे हे तिथंच नाही म्हणाले. टाकीतल्या गॅसनं माणूस आत पाय ठेवताच कोसळतो, वर ओढायला गेलेलाही जातो. शिवाय 2013 च्या कायद्यानं असं माणसाला उतरवायला बंदी आहे. मालक जरा नाराज झाले, पण सक्शनची गाडी बोलावली.

गाडीवाला बोलका होता. पाइप सोडून त्यानं आधी लांब बांबू आत घातला आणि वर काढून दाखवला. खाली दोन-अडीच फूट काळा चिकट गाळ, मधे थोडंसं पाणी आणि वर साय धरल्यासारखा थर. जड ते बुडतं, तेलकट ते तरंगतं आणि मधलं पाणी तेवढं जमिनीत मुरायला शोषखड्ड्यात जातं, असा सगळा हिशोब. आमच्या टाकीत मधल्या पाण्याला जागाच उरली नव्हती, म्हणून गाळ पुढं सरकून शोषखड्डाही तुंबायला लागला होता. त्यात काळी माती. पावसात फुगली की एक थेंब पीत नाही. पाइपात अडकून बाहेर आले ते आधीच्या भाडेकरूंच्या बाळाचे डायपर, ओले वाइप्स आणि एक प्लास्टिकची चमचा-वाटी. तळाचा थोडा गाळ त्यानं मुद्दाम ठेवला, जिवाणूंचं विरजण म्हणून. हा शब्द त्याचाच.

जाता जाता तो जे बोलला, ते आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं: “अक्का, पाण्याच्या दिवशी सगळी धुणी एकदम काढू नका.” आता आपल्या सोलापुरात पाणी आलं की गोधड्यांपासून पायपुसण्यांपर्यंत सगळं त्याच दिवशी निघतं. पण एका दमात इतकं पाणी टाकीत ओतलं की आतलं सगळं ढवळतं आणि गाळासकट बाहेर पडतं. आता मी धुणं दोन-तीन दिवसांत वाटून घेते आणि मशीनचा पाइप कर्दळीच्या वाफ्यात सोडलाय. संडासात ॲसिडची बाटली बंद केली, ब्रश आणि साधी पावडर पुरते. मालकांनी ‘जिवाणूंची पावडर’ म्हणून एक पाकीट आणलं होतं. दोन महिने टाकली, फरक शून्य. जिवाणू आत आधीपासून असतातच. आणि सात वर्षांचा गाळ पावडरीनं कुठला जातोय?

डासांचं कारणही तिथंच सापडलं. टाकीच्या गॅस पाइपच्या टोकावरची जाळी फाटली होती आणि डास आत वाढत होते. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा तारेनं घट्ट बांधला. पंधरा दिवसांत संध्याकाळी दार उघडं ठेवता यायला लागलं.

मे महिन्यात गावाहून परतलो तर घरभर वास. मी म्हटलं, पुन्हा भरली! पण मागच्या बाथरूमच्या जाळीखाली गॅस अडवून धरणारं पाणी उन्हानं आटलं होतं आणि गॅस सरळ आत येत होता. बादलीभर पाणी ओतलं, अर्ध्या तासात वास गेला. बोअर मात्र शोषखड्ड्यापासून वीसेक पावलांवरच आहे, म्हणून त्याचं पाणी पीत नाही, आम्ही धुण्याभांड्यालाच वापरतो.

उपशाचे पैसे शेवटी निम्मे-निम्मे झाले. खरं तर सात वर्षांच्या गाळात आमचा वाटा तीन महिन्यांचा, पण भांडून राहायचं कुठं? 11 महिन्यांचा करार संपला तेव्हा नव्यात दोन ओळी घालून घेतल्या: दर तीन वर्षांनी उपसा मालकांच्या खर्चानं, आणि आमच्या कचऱ्यानं तुंबली तर खर्च आमचा. मालक आधी हसले, “कधी कुणी असलं लिहून घेतलंय का?” मग सही केली.

घर सोडायचा विचार नाही. भाडं परवडतं, मागं कडुनिंबाची सावली आहे आणि शेजारच्या काकू शेंगाची चटणी हक्कानं पाठवतात. झाकणावर मी ऑइल पेंटनं उपशाची तारीख लिहून ठेवली होती. अंगणाची शोभा जाते म्हणून मालकांनी त्यावर क्रोटनची कुंडी ठेवली. उचलून बघितली, माझ्या एकटीला हलते, म्हणून गप्प बसले.