०:५२:३४ विद्राव्य खत: तासगावच्या द्राक्षबागेतील तीन हंगामांचा अनुभव

तासगाव तालुक्यातील आमच्या दोन एकर बागेत मी गेले तीन हंगाम ०:५२:३४, म्हणजेच मोनो पोटॅशियम फॉस्फेट, वापरतो आहे (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के सांगतात). एप्रिल छाटणीनंतर सूक्ष्मघड (डोळ्यातच तयार होणारे पुढच्या घडाचे सूक्ष्म रूप) तयार होण्याच्या काळात याच्याइतके भरवशाचे विद्राव्य खत मला दुसरे मिळालेले नाही. यात नत्र नसल्याने शेंडा भडकत नाही आणि स्फुरद व पालाश एकाच क्षारातून मिळतात. शुद्ध क्षाराच्या सूत्रातच सुमारे ५२ टक्के स्फुरद व ३४ टक्के पालाश बसते, म्हणून गोणीतल्या मालात हे आकडे खरोखर भरत असतील तर भेसळीला जागाच उरत नाही. मात्र ५२ हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइड या ऑक्सिजनसह मोजलेल्या रूपातला असून मूळ फॉस्फरस २३ टक्क्यांच्या आसपासच असतो.

चांगला माल बादलीतच ओळखू येतो. पाच लिटर पाण्यात एक किलो खत टाकून ढवळले की बादलीला बाहेरून लावलेल्या हाताला गारवा जाणवतो, कारण हा क्षार विरघळताना उष्णता शोषून घेतो, आणि थोड्याच वेळात पाणी तळापर्यंत नितळ दिसते. दुसऱ्या हंगामात घेतलेल्या एका गोणीचे द्रावण गढूळ राहिले व फिल्टर दोनदा धुवावा लागला. तो माल मी पुन्हा घेतला नाही.

आमची जमीन चुनखडीची आहे. सुपर फॉस्फेटमधील पाण्यात विरघळणारा मोनोकॅल्शियम फॉस्फेट अशा जमिनीत आधी फक्त सायट्रेटमध्ये विरघळणाऱ्या डायकॅल्शियम रूपात आणि पुढे मुळांना जवळजवळ न मिळणाऱ्या रूपात जातो. ०:५२:३४ मधील स्फुरदही जमिनीत यातून सुटत नाही, म्हणून मी ते ठिबकमधून थोडे थोडे देतो आणि फवारणीला लिटरला ५ ग्रॅम घेतो. याचे द्रावण आम्लधर्मी असते, तर १८:४६ म्हणजे डीएपी खताचे किंचित अल्कधर्मी, आणि आमच्या जड पाण्यात हा फरक ड्रिपरच्या तोंडाशी साचणाऱ्या क्षारांत दिसतो. कॅल्शियम नायट्रेटसोबत मात्र ते एकाच टाकीत कधीही घालू नये. पहिल्या वर्षी मी ती चूक केली, तेव्हा दह्यासारखा पांढरा साका धरला आणि दोन ओळींचे ड्रिपर बुजले.

खरेदी करताना नाव नीट वाचावे, हे मी कळकळीने सांगतो. एका दुकानात मला ‘हेही तेच’ म्हणून पोटॅशियम फॉस्फोनेटची बाटली देण्यात आली होती. त्यातील आयनात फॉस्फेटपेक्षा ऑक्सिजनचा एक अणू कमी असतो. केवडा या बुरशीसदृश रोगाविरुद्ध ते उपयोगी पडते, पण वेल त्याचा स्फुरद म्हणून वापर करू शकत नाही.

किंमत जास्त असल्याने बेसल डोसला, म्हणजे सुरुवातीला जमिनीत घालायच्या खताला, हे खत परवडत नाही. तिथे मी शेणखतात मिसळलेले सिंगल सुपर फॉस्फेटच घालतो, त्यातून ११ टक्के गंधकही मिळते.