पारा पोरोसिमेट्रीची सेवा: यंत्र उत्तम, सेटिंग मात्र आपणच ठरवावीत

सच्छिद्र अल्युमिनाच्या एकाच खेपेतील गोळ्या आम्ही एका व्यावसायिक प्रयोगशाळेकडे दोनदा पारा पोरोसिमेट्रीसाठी (दाब वाढवत पारा आत शिरवून छिद्रांचे आकार मोजण्यासाठी; छिद्र जितके लहान, तितका दाब जास्त लागतो) पाठवल्या आणि दोन अहवालांत बराच फरक आढळला. यंत्र तेच होते. बदलली होती ती केवळ मोजणीची सेटिंग.

पहिल्या वेळी नमुन्याविषयी आम्हांला काहीच विचारण्यात आले नाही. थोड्याशा गोळ्या मोठ्या बल्बच्या पेनेट्रोमीटरमध्ये (नमुन्यासाठी बल्ब आणि त्याला जोडलेली पाऱ्याची बारीक नळी असलेल्या पात्रात) भरल्यामुळे त्याच्या नळीतील पाऱ्यापैकी जेमतेम ८ टक्के पारा नमुन्यात शिरला. हे प्रमाण साधारण २५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असावे असा संकेत आहे, कारण त्याहून फार कमी पारा शिरला तर मोजलेले आकारमान आणि ब्लँक दुरुस्तीतील (नमुन्याविना केलेल्या मोजणीच्या वजावटीतील) त्रुटी यांत भेद करणे कठीण होते. शिवाय प्रत्येक दाबबिंदूवर केवळ २ सेकंद थांबण्यात आले होते. अरुंद छिद्रांत पारा शिरायला वेळ लागतो. तो वेळ न देता दाब वाढवत नेला की तेच छिद्र पुढच्या, अधिक दाबाच्या खात्यात जाते आणि आहे त्यापेक्षा लहान दिसते. दुसऱ्या वेळी आम्ही लहान बल्ब आणि ३० सेकंदांचा समतोल काळ (प्रत्येक दाबबिंदूवरचा थांबा) लेखी मागितला, तेव्हा छिद्रांच्या आकारवितरणाच्या वक्राचे शिखर मोठ्या व्यासाकडे सरकले.

अहवालाच्या पहिल्याच पानावर स्पर्शकोन (पारा नमुन्याच्या पृष्ठभागाशी करतो तो कोन) १३० अंश आणि पृष्ठताण ०.४८५ न्यूटन प्रति मीटर असे स्पष्ट छापलेले असते, ही या सेवेची मोठी जमेची बाजू. दाबावरून छिद्राचा व्यास काढणाऱ्या वॉशबर्न यांच्या १९२१ च्या समीकरणात कोन १३० ऐवजी १४० अंश घेतला, तर छिद्राचा व्यास सुमारे १९ टक्क्यांनी मोठा येतो. आमची जुनी मोजणी १४० अंशांची होती, आणि ही नोंद नसती तर आम्ही विनाकारण भट्टीच्या तापमानाला दोष देत बसलो असतो.

दाब मात्र सरसकट ४१४ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे सुमारे ३ नॅनोमीटरच्या छिद्रांपर्यंत नेला जातो. आमची छिद्रे १०० नॅनोमीटरच्या आसपासची, त्यांना १२ ते १३ मेगापास्कल पुरतात. अल्युमिनाचे त्याने काही बिघडले नाही, पण मऊ पॉलिमर किंवा एरोजेल (अतिशय हलका, सच्छिद्र घन पदार्थ) दाबाखाली आकसतो, आणि तो आकस पारा आत शिरल्यासारखाच नोंदला जातो. अशा नमुन्यांसाठी दाबाची मर्यादा आधीच कळवावी.

नमुने वाळवणे आणि निर्वात करणे ही कामे ते चोख करतात. एक्स्ट्रूजनचा, म्हणजे दाब उतरवताना पारा बाहेर येण्याचा, वक्र मात्र सांगितल्याखेरीज मोजत नाहीत. मोठ्या पोकळीला अरुंद तोंड असले की पारा त्या तोंडाचाच व्यास सांगतो. अशी रचना असल्याचा सुगावा परतीच्या वक्रातून आणि आत अडकून राहिलेल्या पाऱ्यातून लागतो. हा वक्र पहिल्याच मागणीत लिहून द्यावा, कारण पारा शिरलेला नमुना पुन्हा मोजता येत नाही आणि प्रयोगशाळा तो परतही देत नाही.