इंडक्शन बोल्ट हीटर: आठ महिने, दोन ओव्हरहॉल आणि एक रबरी रिंग

काल पुन्हा हीटरच्या केबलच्या जोडातून, तिला थंड ठेवणारं पाणी ठिबकायला लागलं, पाण्याचा प्रवाह कमी झाला आणि हीटर आपोआप बंद पडला. निम्मे स्टड, म्हणजे टर्बाइनच्या केसिंगचे जाड बोल्ट, सैल करायचे बाकी असताना. म्हणून आज लिहायला बसलोय.

टर्बाइन केसिंगचे स्टड सैल करायला आम्ही आधी गॅस टॉर्च वापरायचो. स्टडच्या मधल्या भोकात ज्योत सोडायची, स्टड लांबला की नट फिरवायचा. पण ज्योत एकाच जागी भाजते, तिथला कडकपणा बदलतो, पुढे आतून चीर जाते. वेळ लागला तर उष्णता फ्लँजमध्ये, म्हणजे स्टडने आवळलेल्या केसिंगच्या जाड कडेत उतरते, तोही फुगतो आणि नट जिथल्या तिथे. मग घण, मग कटर. दर ओव्हरहॉलला कापलेले नट आणि ड्रिलने काढलेल्या स्टडचे तुकडे भंगारात. काही स्टड निमोनिक ८०ए चे, म्हणजे बहुतेक निकेल आणि सुमारे २० टक्के क्रोमियम. तो धातू साध्या लोखंडाच्या ढिगात पडलेला बघून जीव तुटायचा.

म्हणून हा हीटर घेतला. इंडक्शनची कॉइल भोकात घातली की स्टड काही मिनिटांत आतून तापतो. ५०० मिमीचा स्टड २०० अंशांनी तापला तर साधारण १.२ मिमी लांबतो, आणि फ्लँज तोवर बऱ्यापैकी थंडच असतो. पहिला नट हाताने सुटला तेव्हा आमचे जुने फिटर दोनदा पाना लावून खात्री करत होते.

पहिल्या ओव्हरहॉलनंतर मी सगळ्यांना सांगत सुटलो, आता कटर विसरा. ते माझं चुकलं. दुसऱ्या युनिटवर स्टड लांबूनही तीन नट हलेनात. कापून पाहिलं तर आट्यांत काळी पपडी, वंगणाचा मागमूस नाही. हीटर ताण उतरवतो. धरलेले आटे तो सोडवत नाही. आता बसवताना वायर ब्रश, नट पूर्ण हाताने फिरवून बघणं आणि जास्त तापमानाची पेस्ट, यातलं काहीच सुटत नाही. शिवाय प्रत्येक स्टडची लांबी आणि कडकपणा वहीत लिहितो. पूर्वी शंका आली की स्टड टाकून द्यायचो, आता खरोखर ताणला गेलेलाच बाद होतो. भंगार घटलं त्यात या वहीचा वाटा हीटरइतकाच आहे, असं माझं आजचं मत.

आता ती रिंग. थंड पाण्याच्या जोडात करंगळीत बसेल एवढी रबरी ओ-रिंग आहे. ती झिजली. पुरवठादार म्हणतो, रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण केबल बदला. आत जाड तांबं असलेली, एकही तार न तुटलेली केबल! धातू वाचवायला घेतलेल्या यंत्रासाठी हे उत्तर मला मान्य नाही. फोनवर तीनदा वाद झाला. आपण घेणार असाल तर सीलचा संच आणि त्याची मापं ऑर्डरमध्येच लिहून घ्या, नंतर कोणी दाद देत नाही.

मी व्हर्नियरने रिंग मोजली, उष्णता सोसणाऱ्या रबराची तशीच मागवली आणि आज सकाळी बसवली. दुपारपर्यंत बारा स्टड झाले, जोड कोरडा आहे. नवी केबल मागवलेली नाही.